२७ फुटांची शिडाची बोट, चार माणसे, तीन आठवडे : एक प्रकरण अभ्यास

बोट २७ फुटांची, म्हणजे सव्वाआठ मीटरची. एक डोलकाठी, तळाला स्थिर कील, म्हणजे बोटीला तोल देणारे जड पाते, आत छोटे डिझेल इंजिन. कुटुंब चौघांचे: आई, वडील, नऊ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. बेत तीन आठवड्यांचा. किनाऱ्या-किनाऱ्याने जायचे, दिवसाला चार ते सात तासांची मजल, रात्री बहुतेक नांगर टाकून आणि मधे एकच मजल रात्रभराची. हे कुटुंब नमुन्यादाखल घेतले आहे. बोटीची मापे, वजने आणि अडचणी मात्र या आकाराच्या कौटुंबिक बोटींत नेहमी भेटणाऱ्याच आहेत.

अशा बोटीच्या माहितीपत्रकात 'पाच जणांची झोपायची सोय' असे लिहिलेले असते. ते खोटे नसते. नाळेत, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकात, त्रिकोणी जोडपलंग असतो, त्याला व्ही-बर्थ म्हणतात. मधल्या दालनात दोन्ही बाजूंना बाके असतात, त्या सेटी. आणि कॉकपिटखाली, म्हणजे मागच्या बाजूच्या सुकाणू धरून बसायच्या उघड्या जागेखाली, बोगद्यासारखा शिरलेला एक पलंग, तो क्वार्टर बर्थ. मोजले तर पाच गाद्या भरतात. पत्रक एवढेच सांगत नाही, की या पाच गाद्यांवर पाच जण झोपले की बसायला, कपडे ठेवायला आणि उठून उभे राहायला जागा उरत नाही.

सरावासाठी काढलेल्या पहिल्या दोन दिवसांच्या फेरीत तेच झाले. आई-वडील व्ही-बर्थवर, मुले दोन सेटींवर, ही सगळ्यांना आधी सुचणारी वाटणी. क्वार्टर बर्थवर जुनी शिडे, दोन घडीच्या सायकली, फेंडर (बोट धक्क्यावर घासू नये म्हणून बाजूला लटकवायचे फुगे) आणि रंगाचे डबे. रात्री आठला मुले झोपली आणि बोटीतली एकमेव बैठक बंद झाली. दिवा लावता येईना, टेबल उघडता येईना. पाऊस आल्याने कॉकपिटमध्येही बसता येईना. मोठी माणसे साडेआठला नाइलाजाने आडवी झाली. सकाळी चहाचे भांडे काढायला मुलाला उठवावे लागले, कारण भांड्यांचा कप्पा त्याच्या गादीखाली होता. प्यायच्या पाण्याचा कॅन काढायला आधी पिशवी, मग फेंडर, मग शिडाची थैली हलवावी लागत होती.

यावरून निदान सोपे आहे. लहान बोटीत सुख घनफुटांवर ठरत नाही. एक गोष्ट हाती लागायला दुसऱ्या किती हलवाव्या लागतात, त्यावर ठरते. पुढचा प्रत्येक निर्णय याच कसोटीवर घेतला: हलवाहलव कमी होते की वाढते?

आधी वजन

आतली मांडणी बदलण्याआधी काय आणि किती न्यायचे ते ठरवावे लागते. त्यासाठी आपली बोट किती वजनाला किती बुडते हे ठाऊक हवे. ढोबळ हिशेब असा: पाणरेषेची लांबी ६.७ मीटर, पाणरेषेवरची रुंदी २.३ मीटर आणि आकारासाठी ०.६७ हा गुणक. गुणाकार केला की सुमारे १०.३ चौरस मीटर येतात. समुद्राच्या पाण्यात एवढे क्षेत्रफळ एक सेंटिमीटर बुडायला सुमारे १०६ किलो लागतात.

आता भार. माणसे १७८ किलो. पाणी १३० लिटर, म्हणजे १३० किलो. आठवड्याचा शिधा आणि भांडी ६०, कपडे व अंथरूण ५५, फुगवायची डिंगी (किनाऱ्यावर ये-जा करायची छोटी होडी), तिचे इंजिन व पेट्रोल ५३, जादा नांगर व साखळी ३५, हत्यारे व सुटे भाग २८, डिझेल ४० लिटर म्हणजे ३४ किलो. बेरीज ५७३ किलो. बोट साडेपाच सेंटिमीटर खाली बसणार. पावणेतीन टनांच्या बोटीला हे पेलते, पण तिच्या चालीत फरक जाणवतो. आणि वजन कुठे आहे यावर तो फरक फार अवलंबून असतो.

म्हणून आधी बाहेर काढायची यादी केली. स्पिनेकर (फुग्यासारखे मोठे शीड) आणि त्याची काठी १५ किलो, जुने जेनोआ शीड १४, दोन सायकली २६, रंग-व्हार्निशचे डबे व जुने दोर २५. एकूण ८० किलो. बोट जेमतेम पाऊण सेंटिमीटर वर आली, तो फायदा किरकोळच. खरा फायदा हा, की क्वार्टर बर्थ रिकामा झाला. पुढची सगळी मांडणी त्या एका रिकाम्या पलंगावर उभी आहे.

बोटीवर बनवणाऱ्याची पाटी असते, तिच्यावर माणसांची कमाल संख्या आणि कमाल भार किलोत दिलेला असतो. हा आकडा वाचल्याशिवाय पाहुणे किंवा सामान वाढवू नये.

कोण कुठे झोपणार

वाटणी उलटी केली. मुले पुढे नाळेत, मोठी माणसे मधे आणि मागे.

व्ही-बर्थ १९३ सेंटिमीटर लांब आहे. डोक्याकडे १६८ रुंद, पायांकडे निमुळता होत ४० सेंटिमीटर. दोन मोठ्या माणसांची चार पावले त्या ४० सेंटिमीटरमध्ये एकमेकांवर चढतात. मुलांना तो कोपरा लागतच नाही. मुलगी १३२ सेंटिमीटर, मुलगा १०३. म्हणून टोकापासून ४५ सेंटिमीटरवर एक आडवी फळी बसवली. तिच्या पुढे त्रिकोणी कप्पा झाला, त्यात कपड्यांच्या चार मऊ पिशव्या बसतात. मागे १४८ सेंटिमीटर लांबीचा पलंग उरला, पायांकडेही ७० सेंटिमीटर रुंद. दोन मुलांना पुरेसा.

त्या कप्प्यात फक्त हलके सामान ठेवायचे: कपडे, टॉवेल, जादा पांघरुणे. डबे, पाणी, हत्यारे तिथे ठेवली की नाळ जड होते. मग ती लाटेवर उचलली जाण्याऐवजी लाटेत घुसते आणि पुढच्या हॅचवर, म्हणजे डेकमधल्या झडपेवर, पाणी येत राहते. मुलांना पुढे झोपवण्याचा एक लाभ इथेच आहे. दोन मुले मिळून ४६ किलो, आई-वडील १३२. रात्रीपुरते का होईना, नाळेवरचे ८६ किलो कमी झाले.

मुलांच्या मधे लाकडी फळी लावायचा विचार होतो, तो टाळावा. कोपर, डोके आदळते आणि ती काढून ठेवायला जागा लागते. त्याऐवजी पलंगाच्या मध्यरेषेवर १०० सेंटिमीटर लांब आणि ३० उंच कॅनव्हासची पट्टी, खालची कड गादीखालच्या प्लायला आवळलेली, वरची कड छताच्या कडीला दोन दोरांनी ताणलेली. दिवसा दोर सोडले की पट्टी आडवी पडते आणि पलंग खेळायला मोकळा होतो. प्रत्येक मुलाच्या बाजूला स्वतःची जाळीची पिशवी, स्वतःचा छोटा दिवा. 'माझी जागा' कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे मुलांना दिसले की भांडणे निम्मी होतात. खेळण्यांच्या जादा पिशवीने तो परिणाम होत नाही.

व्ही-बर्थ आणि दालन यांच्यात जाड कापडाचा पडदा. रात्री आठला पडदा पडला की पलीकडे झोप, अलीकडे दिवा, टेबल आणि गप्पा. पहिल्या वाटणीत हरवलेली संध्याकाळ या पडद्याने परत मिळते.

मोठ्यांपैकी एक जण क्वार्टर बर्थवर. लांबी १९८, रुंदी ६२, पण पायांवर छत फक्त ४५ सेंटिमीटर उंच. त्यात गुडघे मुडपून कूस बदलता येत नाही आणि बाहेर येताना सरपटत यावे लागते. म्हणून रात्री मुलाने हाक मारली की उठणारे, नांगर बघायला वर जाणारे माणूस तिथे झोपू नये. ते डाव्या सेटीवर. ही सेटी १८८ सेंटिमीटर लांब, बसण्याची रुंदी ५५. पाठीची उशी काढली की ६६ होते आणि एका माणसाला रुंदीला तेवढे पुरते. नांगरावर असताना उजवी सेटी कधीच पलंग करायची नाही. ती बैठक, तिच्यासमोर टेबलाचे एक पान कायम उघडे.

टेबल खाली उतरवून त्याचा जोडपलंग करायची सोय बहुतेक बोटींत असते. ती वापरली नाही. टेबल उतरवणे, गाद्या जुळवणे, अंथरूण घालणे आणि सकाळी हे सगळे उलट करणे, यात रोज वीस-पंचवीस मिनिटे आणि चौघांची शांतता जाते. शिवाय रात्री नांगर सरकला तर चालायची वाटच बंद. या मांडणीची किंमतही सांगायला हवी: आई-वडिलांना एकत्र झोपता येत नाही. लहान बोटीत हा तोटा मान्य करावा लागतो. मुले नसतील त्या फेरीत मधली पट्टी आणि आडवी फळी काढली की व्ही-बर्थ पुन्हा त्यांचा.

गादीचा फोम जुना, पाच सेंटिमीटरचा होता. त्यावर कुशीवर झोपले की कंबरेचे हाड प्लायला टेकते. दहा सेंटिमीटर जाडीचा, घनमीटरला ३५ ते ४० किलो घनतेचा फोम मोठ्यांसाठी बसवला. मुलांना जुना चालतो, त्यांचे वजन त्याला दाबत नाही. दिवसा पांघरुणे कुठे ठेवायची हा प्रश्नही इथेच सुटतो. उशीच्या आकाराचे चेन लावलेले खोळ शिवायचे, त्यात पांघरूण भरायचे आणि तीच सेटीची पाठ.

चालत्या बोटीत हीच मांडणी चालत नाही

इथे बरेच लोक फसतात. नांगरावर छान झोप देणारा व्ही-बर्थ शिडे चढल्यावर बोटीतली सर्वांत वाईट जागा ठरतो. बोट जवळपास मध्याभोवती खालीवर डोलते, त्यामुळे टोकाला हेलकावा सर्वाधिक. लाट आली की मूल गादीवरून वर उचलले जाते आणि आपटते. रात्रभराच्या मजलेसाठी म्हणून दुसरी मांडणी: मुलगा डाव्या सेटीवर, मुलगी क्वार्टर बर्थवर, एक मोठा वर सुकाणूवर, दुसरा उजव्या सेटीवर. तीन-तीन तासांच्या पाळ्या.

दोन्ही सेटींना ली-क्लॉथ हवे, म्हणजे बोट कलली तरी झोपणाऱ्याला खाली पडू न देणारी कापडी भिंत. मोठ्या माणसासाठी ११० ते १२० सेंटिमीटर लांब, गादीच्या वर ४० ते ४५ सेंटिमीटर उंच. ते खांद्यापासून गुडघ्यापर्यंत यावे, डोक्याशी मोकळे राहावे. चार वर्षांच्या मुलासाठी मात्र ते डोक्यापलीकडे जायला हवे, नाहीतर झोपेत सरकत सरकत तो उघड्या टोकातून बाहेर येतो. त्याच्यासाठी हवा खेळणारे जाळीचे कापड घ्यावे.

ली-क्लॉथ बसवताना तीन चुका नेमाने होतात. पहिली, खालची कड लाकडाच्या स्क्रूने नऊ मिलिमीटरच्या प्लायला ठोकणे. ७० किलोचा माणूस लाटेच्या धक्क्याने कापडावर आदळतो तेव्हा भार त्याच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट होतो आणि स्क्रू उपटून येतात. कापडाची कड २५ बाय ६ मिलिमीटरच्या पट्टीखाली दाबून, दर १५ सेंटिमीटरला आरपार बोल्ट आणि खाली रुंद वॉशर लावावेत. दुसरी चूक, वरचे दोर सरळ उभे बांधणे. दोन दोर एकमेकांपासून दूर, तिरपे बांधले तरच कापड लांबीला ताणले राहते, नाहीतर मधे झोळी होते. तिसरी, आत झोपलेल्याला स्वतः सोडता न येणारी गाठ. वर हाक आली की भार असतानाही एका हाताने सुटेल अशी सरकगाठच हवी.

चौघांचे श्वास

पहिल्या फेरीत गाद्या खालून ओल्या निघाल्या. बोट गळत नव्हती. झोपलेले माणूस श्वासातून आणि घामातून तासाला सुमारे ४० ग्रॅम पाणी हवेत सोडते. चार जण, आठ तास: सव्वा लिटरच्या आसपास. त्यात स्वयंपाकाच्या गॅसची भर. एक किलो प्रोपेन जळताना सुमारे १.६ किलो पाण्याची वाफ तयार होते, आणि उकळत्या भांड्याची वाफ वेगळीच. हे सगळे थंड फायबरग्लासवर थेंब होऊन बसते आणि उतरत उतरत गादीखाली जमते.

तीन उपाय मिळून केले, कारण एकटा कोणताच पुरत नाही. पलंगाच्या प्लायला तीन सेंटिमीटर व्यासाची भोके, दर १२ ते १५ सेंटिमीटरला. पलंगाखाली पाण्याची टाकी किंवा तरंगण्याची हवाबंद पोकळी असेल तिथे अर्थातच नाही. प्लाय आणि गादी यांच्यामध्ये हवा खेळेल अशी दोन सेंटिमीटर जाडीची कडक जाळी. आणि मुलांच्या डोक्याशी जिथे बोटीची भिंत उघडी होती तिथे दहा मिलिमीटरचा बंद छिद्रांचा फोम चिकटवून वर कापडी अस्तर.

पण हवा बाहेर गेली नाही तर हे सगळे व्यर्थ. हवेला आत यायला एक वाट आणि बाहेर जायला दुसरी लागते. नुसता पुढचा हॅच उघडून काही होत नाही. नांगरावर बोटीचे तोंड वाऱ्याकडे असते, म्हणून पुढच्या हॅचवर कापडी वारा-झोळी आणि मागे कॉकपिटच्या दाराच्या वरच्या फळीला जाळी. पावसात हॅच बंद करावे लागते, तेव्हा डोरेड प्रकारची टोपी कामी येते. तिच्यात हवा आधी डेकवरच्या छोट्या पेटीत शिरते, सोबत आलेले पाणी पेटीतच थांबून डेकवर वाहून जाते आणि हवा एकटी आत उतरते. क्वार्टर बर्थ हा तर बंद बोगदाच. तिथे १२ व्होल्टचा छोटा पंखा लावला. काही बोटींत त्या पलंगाला कॉकपिटच्या भिंतीत उघडणारी खिडकी असते. बोट सुटण्याआधी ती बंद झाली की नाही हे बघणे कोणा एकाचे नेमून दिलेले काम असावे, कारण कॉकपिटमध्ये लाट भरली तर पाणी सरळ त्या गादीवर येते.

नाळेतल्या झोपेचा आणखी एक शत्रू म्हणजे नांगराची साखळी. तळाच्या खडकांवर घासण्याचा आवाज साखळीतून थेट मुलांच्या उशीशी येतो. साखळीला हुकाने १२ मिलिमीटरचा, आठ-दहा मीटर लांब नायलॉन दोर जोडायचा, भार त्या दोरावर घ्यायचा आणि साखळी सैल सोडायची. नायलॉन ताणला जातो, त्यामुळे धक्के आणि आवाज दोन्ही मरतात. डोलकाठीवर आपटणारे हॅलयार्ड, म्हणजे शिडे वर चढवायचे दोर, लवचिक दोरीने बाजूला ओढून बांधले की बोट खरोखर शांत होते.

पाणी, वीज, शौचालय

पाण्याचा अंदाज माणशी पावणेचार लिटर, म्हणजे दिवसाला १५. टाकी ९० लिटरची आणि दहा लिटरचे चार कॅन: साडेआठ दिवस. सरावाच्या फेरीत खर्च २२ लिटरपर्यंत गेला. कारण एकच, विजेवर चालणारा पंप. नळ उघडला की धार, मुलाने हात धुवायचे म्हणजे दीड लिटर. पंपाचा स्विच बंद करून पायपंप वापरला की खर्च अंदाजावर येतो, कारण पाय थांबला की पाणी थांबते. भांडी घासायला समुद्राच्या पाण्याचा दुसरा पायपंप. शेवटचे विसळणे गोड्या पाण्याने. बंदराच्या गढूळ पाण्यात तो वापरू नये. कॅन २० लिटरचा का नाही? डिंगीत उभे राहून २० किलो डेकवर उचलताना माणूस पाण्यात पडतो किंवा पाठ जाते. दहाचाच बरा. कॅन डोलकाठीजवळ, सेटीखाली, कीलच्या जवळात जवळ.

वीज: एलईडी दिवे २.७ एम्पिअर-तास, फोन चार्जिंग ४.२, दोन पंखे ५, रेडिओ ३.२, नकाशायंत्र ७, नांगरावरचा दिवा २.२. दिवसाला सुमारे २४. १०० वॉटचे सौर पॅनेल स्वच्छ उन्हात २५ च्या आसपास देते. १०० एम्पिअर-तासांच्या लेड-ॲसिड बॅटरीतून निम्मेच वापरावे, म्हणजे ऊन नसेल तर दोन दिवस निघतात. फ्रिज घेतला तर एकटा तोच उन्हाळ्यात ३५ ते ४५ खातो. म्हणून फ्रिज नाही, जाड भिंतींची बर्फपेटी. तिचा निचरा बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत, सोडू नये, दोन दिवसांत बोटीला वास येतो.

शौचालयाची टाकी ४० लिटर. हातपंपाने एका वेळी सुमारे सव्वा लिटर जाते, म्हणजे ३२ वेळा. चौघांचे दिवसाला १८ धरले तर टाकी दोन दिवसही पुरत नाही. किनाऱ्यापासून किती अंतरावर ती रिकामी करता येते याचे नियम देशादेशांत वेगळे आहेत, म्हणून हा हिशेब मार्ग आखतानाच धरावा लागतो. लघवीसाठी चार-पाचच झटके मारायचे ठरवले की टाकी जवळपास एक दिवस जास्त जाते. त्याहून महत्त्वाचे: पंपाचा खटका 'पाणी आत' या बाजूला राहिला, सीकॉक, म्हणजे बोटीच्या भिंतीतून समुद्राचे पाणी आत घेणारी तोटी, उघडा असला आणि नळीला पाणरेषेच्या वर हवा घेणारे वळण नसले, तर समुद्राचे पाणी सायफनने भांड्यातून बोटीत येत राहते. बोटी अशा बुडालेल्या आहेत. नऊ वर्षांची मुलगी सीकॉक बंद करायला शिकू शकते. चार वर्षांच्या मुलाच्या मागून मोठ्याने जाऊन खटका बघायचा, दर वेळी.

सामान

एक नियम पुरला. रोजची वस्तू एका हाताने, काही न हलवता मिळावी. आठवड्याची वस्तू गादीखाली चालेल. आणीबाणीची वस्तू झोपलेल्या मुलाखाली कधीही नको. अग्निशामक, प्रथमोपचार, सीकॉकजवळच्या लाकडी गुडद्या, संकटाचे दारूचे बाण, यातले एकही गादीखाली नाही. कप्प्यांना क्रमांक, आणि कोणत्या क्रमांकात काय ते कागदावर लिहून चार्ट टेबलाजवळ चिकटवलेले. कडक बॅगा नकोत. माणशी ३० लिटरची एक मऊ पिशवी. पुठ्ठ्याची खोकी धक्क्यावरच टाकावीत, ती ओल धरतात आणि त्यांच्या घड्यांतून झुरळांची अंडी येतात.

डिंगी गुंडाळून डोलकाठीच्या पुढे डेकवर, तिचे इंजिन मागच्या कठड्यावरच्या लाकडी फळीवर. इथे सावध राहावे. मागे इंजिन, त्यात चौघे कॉकपिटमध्ये बसले की २०० किलोंच्या आसपास भार पिछाडीवर येतो. बोट मागे बसते आणि कॉकपिटच्या निचऱ्यातून पाणी उलटे वर येते. निचऱ्यातून पाणी दिसले की जोरात चालताना दोघांनी पुढे सरकावे.

जागा वाढवणारी सर्वांत मोठी वस्तू म्हणजे बूमवरचा, म्हणजे मुख्य शिडाच्या खालच्या आडव्या दांड्यावरचा, तंबू: ३.२ बाय २.६ मीटर कॅनव्हास, दोन्ही बाजूंना खाली सोडता येणारे पडदे. टॉपिंग लिफ्टने, म्हणजे बूम वरून धरणाऱ्या दोराने, बूम ३० सेंटिमीटर वर घेतला की कॉकपिटची दुसरी खोली होते आणि पावसातही ती बंद पडत नाही. वारा २० नॉटच्या (ताशी सुमारे ३७ किलोमीटरच्या) वर गेला की तंबू उतरवायचा. तो शिडासारखा भरतो आणि बोट नांगरावर डावी-उजवीकडे झोके घेऊ लागते.

मुलांची सुरक्षा, जी सोयीतच मोडते

आई-वडिलांना दर मिनिटाला 'पडेल, पडेल' असे वाटत राहिले तर बोटीत कोणीच सुखी नसते. मुलांना १०० न्यूटनचे, आयएसओ १२४०२-४ प्रमाणाचे फोमचे लाइफजॅकेट, वजनाप्रमाणे निवडलेले, मानेला कॉलर आणि पायांतून जाणारा पट्टा असलेले. हा पट्टा नसला तर पाण्यात जॅकेट वर सरकते आणि मूल खाली निसटते. शांत, उथळ पाण्यात घालून आधी एकदा तरंगून बघावे. मुलाला त्याची सवय होते आणि पट्टे कितपत घट्ट हवेत ते कळते.

बोटीभोवतीच्या कठड्याच्या तारांना ४५ ते ५० मिलिमीटर भोकांची विणलेली जाळी. खाली डेकच्या कडेला दर १५ सेंटिमीटरला स्वतंत्र गाठ; एकच सलग दोर ओवला तर तो एका ठिकाणी तुटताच सगळी जाळी सुटते. उन्हाने ती कमजोर होत जाते, म्हणून हंगामाच्या सुरुवातीला ओढून बघावी. पुढच्या शिडाचे दोर जाळीत अडकतात, ते जाळीच्या आतून न्यावेत. जाळी टेदरची, म्हणजे माणसाला बोटीशी हुकाने बांधून ठेवणाऱ्या पट्ट्याची, जागा घेत नाही. चालत्या बोटीत मूल दारातून वर येण्याआधीच त्याचा हुक कॉकपिटमधल्या कडीला लागलेला हवा. ती कडी पायरीवर उभ्या मुलाच्या हाताला पोचेल एवढी जवळ असावी.

आत पडण्याचे प्रसंग बाहेरच्यापेक्षा जास्त. उतरायच्या शिडीच्या पायऱ्यांत ३० सेंटिमीटरचे अंतर होते. मधे १५ वर एकेक जादा पायरी आणि तिच्यावर खरखरीत पट्टी. हाताने धरायचे दांडे छताजवळ होते, चार वर्षांच्या मुलाला त्यांचा काही उपयोग नाही. जमिनीपासून ७५ सेंटिमीटरवर सेटीच्या कोपऱ्यांना दोराच्या मुठी बांधल्या.

शेगडीपासून मात्र मुलाला नुसते बजावून लांब ठेवता येत नाही. शेगडी गिंबलवर, म्हणजे बोट कलली तरी तिला सपाट ठेवणाऱ्या टांगणीवर, झुलते, तिच्यासमोर आडवा दांडा, आणि चालत्या बोटीत उकळायचे ते निम्म्या भरलेल्या, झाकण आवळणाऱ्या भांड्यात. प्रेशर कुकर यासाठी उत्तम. शिट्टी काढून, दाब न देता वापरला तरी उपडा झाल्यावर बहुतेक सगळे आतच राहते. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर बिल्जमध्ये साचतो. म्हणून सिलिंडर बाहेरच्या कप्प्यात, त्याचा निचरा समुद्रात आणि कप्प्यातून आत येणारी वाट बंद. स्वयंपाक झाला की सिलिंडरवरचाच नॉब बंद करायचा. गॅसची सूचना देणारे यंत्र खाली बिल्जजवळ, कार्बन मोनॉक्साइडचे झोपण्याच्या उंचीला.

बोट लागण्याचा त्रास दोन ते बारा वर्षांच्या मुलांना सर्वाधिक होतो, म्हणजे ही दोन्ही मुले ऐन त्या वयात. चालत्या बोटीत पुस्तक आणि फोन बंद, नजर क्षितिजावर. फारच झाले तर बोटीच्या मध्याजवळ, खाली, पाठीवर झोपवावे. औषध वयाप्रमाणे, डॉक्टरांना विचारून आणि आधी घरी एकदा देऊन बघितलेले. कानामागे लावायची पट्टी मुलांसाठी नसते.

मुलांच्या डोक्यावरचा पुढचा हॅच हा आगीच्या वेळी बाहेर पडायचा मार्ग आहे, म्हणून त्याला कुलूप लावता येत नाही. खटके मुलीच्या हाताला पोचतात, मुलाच्या नाही. मुलीकडून तो आतून उघडून, स्वतः वर चढून भावाला हात देण्याचा सराव दर फेरीच्या पहिल्या दिवशी करून घ्यायचा.

तीन आठवड्यांनंतर मांडणीत शिल्लक राहिलेला प्रश्न उंचीचा आहे. मुलगी वर्षात पाच-सहा सेंटिमीटर वाढेल आणि १४८ सेंटिमीटरचा पलंग तिला आवळू लागेल. आडवी फळी ज्या पट्ट्यांवर बसते त्यांत आणखी १५ सेंटिमीटर पुढे दुसरी भोके आधीच पाडून ठेवली आहेत. फळी तिथे गेली की पलंग १६३ सेंटिमीटरचा होईल, पायांकडे रुंदी ६० उरेल आणि पुढच्या कप्प्यातल्या दोन पिशव्या बाहेर येतील. त्या उजव्या सेटीच्या वर, छताखाली ताणलेल्या जाळीत जातील.